घरगुती धुण्याची पावडर: आधी पाणी तपासावे, मग साबण किसावा

केरसुणी

कपडे धुण्याची पावडर घरी करण्याच्या कृती सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फार फिरत आहेत. बहुतेक कृती एकाच साच्याच्या असतात: साबणाची वडी किसा, तेवढाच किंवा दुप्पट धुण्याचा सोडा घाला, थोडा खाण्याचा सोडा, चवीपुरता टाकणखार आणि वर सुगंधी तेलाचे चार थेंब. कृती खोटी नाही, परंतु ती जिथे यशस्वी झाली तिथले पाणी कसे होते हे कोणी सांगत नाही. आणि पुण्यात तर एकाच शहरात दोन अगदी वेगळ्या स्वभावांचे पाणी वापरले जाते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतले पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस असतो, त्यात विरघळलेले क्षार कमी असतात, म्हणून पेठांमध्ये महापालिकेच्या पाण्यात साबणाला चटकन फेस येतो. याउलट वाघोली, उंड्री, धायरी अशा भागांतील अनेक सोसायट्या विंधनविहिरींवर आणि टँकरवर अवलंबून असतात, आणि काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम पुष्कळ असू शकते. नारायण पेठेत उत्तम चाललेली पावडर तिकडे कपडे राखाडी करते, यात पावडर करणारीचा काहीच दोष नसतो.

म्हणून आधी पाणी पाहावे. स्वच्छ पारदर्शक बाटली अर्धी भरावी, त्यात साध्या साबणाचा किंचित कीस घालून झाकण लावावे आणि जोराने हलवावे. वर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसले तर पाणी मृदू आहे. फेस जेमतेम आला, पाणी गढूळ पांढरे झाले आणि कडेला चिकट साका जमला, तर ते जड आहे. ही चाचणी खऱ्या साबणानेच करावी, कारण डिटर्जंटच्या वडीचा फेस जड पाण्यातही बऱ्यापैकी टिकतो आणि मग चाचणीला काही अर्थ उरत नाही. दुकानात कपड्यांसाठी निळ्या-हिरव्या वड्या मिळतात, त्यांपैकी अनेक डिटर्जंटच्याच असतात. वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत.

पाणी मृदू असेल तर पुढची कृती सोपी आहे. कोरड्या साबणाचा बारीक कीस १०० ग्रॅम आणि धुण्याच्या सोड्याची भुकटी २०० ग्रॅम एकत्र करावी. १५ लिटरच्या बादलीला यातील दोन-तीन सपाट चहाचे चमचे पुरतात; मात्र पावडर आधी तांब्याभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच बादलीत ओतावी, कारण साबणाचा कीस गार पाण्यात नीट विरघळत नाही आणि त्याचे कण कपड्यांच्या शिवणींत अडकून बसतात. खाण्याच्या सोड्याची मला गरज वाटत नाही. तो धुण्याच्या सोड्याचा मवाळ भाऊबंद असून मळ काढण्याच्या कामात फारच मागे पडतो. परदेशी कृतींत खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये तापवून त्यापासून धुण्याचा सोडा करायला सांगतात, ते रसायन बरोबर आहे. परंतु आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धुण्याचा सोडा आयता आणि स्वस्त मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी करावा, हे मला समजलेले नाही.

टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, मी वगळते. त्याने धुणे काही प्रमाणात सुधारते हे मान्य आहे, तरीही युरोपीय संघाने २०१० साली बोरॅक्सचा समावेश प्रजननक्षमतेला घातक असल्याच्या कारणावरून अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत केला आहे. लहान मुले असलेल्या घरात ती पुडी ठेवावी एवढा तिचा लाभ मला दिसत नाही.

पेठकर

किसण्याचे कष्ट कशाला? वडी थेट कॉलरवर घासली आणि बादलीत चमचाभर सोडा टाकला, तरी तेच होईल ना?

केरसुणी

हाताने धुणार असाल तर हो, तेच होईल, आणि कॉलरसाठी तर अधिक चांगले होईल. किसणे मुख्यतः यंत्रासाठी असते.

धायरीकर

ताई, बाटलीची चाचणी आताच केली. पाणी ताकासारखे झाले. आमच्याकडे उन्हाळा लागला की टँकरच्या रांगा लागतात, त्यामुळे निकालाचे आश्चर्य वाटले नाही, पण मग आमच्यासारख्यांनी काय करावे? सोड्याचे प्रमाण वाढवले की काम भागेल असे एका गटावर वाचले. शिवाय धुतलेले पंचे अलीकडे पाणीच टिपत नाहीत, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

रसायनी

धायरीकर, संबंध आहे. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. जड पाण्यातील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेते आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. तोच तुमच्या बाटलीतला साका, तोच बादलीच्या कडेचा चिकट थर आणि तोच पंचाच्या धाग्यांवर बसलेला मेणचट लेप. मग पंचा पाणी टिपणार कसा? विशेष म्हणजे साबण आधी सगळ्या कॅल्शियमशी निपटतो आणि उरलाच तर मळाकडे वळतो.

याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात दर लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे असे धरा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने २०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० ही कमाल मर्यादा ठेवली आहे, म्हणजे ३०० हा काही अतिरेकी आकडा नव्हे. १५ लिटरच्या बादलीत मग साडेचार ग्रॅम कठीणता झाली आणि ती संपवायला सुमारे २५ ग्रॅम साबण खर्ची पडतो. हा साबण एकही डाग काढत नाही, उलट नवा मळ निर्माण करतो. तीच कठीणता धुण्याच्या सोड्याने काढायची झाली तर साधारण ५ ग्रॅम कोरडा सोडा पुरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी सोडा पाण्यात विरघळवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी खाली बसू द्यावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे आणि मग त्यात साबण घालावा. यंत्रात असे पाणी निथळून घेता येत नाही. तिथे ती भुकटी कपड्यांवर आणि पाणी तापवणाऱ्या दांडीवर बसते. त्यातच सोडा कॅल्शियम जसे सहज खाली आणतो तसे मॅग्नेशियम आणत नाही. त्यामुळे ‘सोडा वाढवा’ हा सल्ला बादलीसाठी निम्मा आणि यंत्रासाठी पावपट खरा आहे.

बाजारातील पावडरी याच ठिकाणी वरचढ ठरतात. त्यांतील कृत्रिम पृष्ठसक्रिय (म्हणजे साबणासारखी मळ सोडवणाऱ्या) द्रव्यांचा कॅल्शियमबरोबर साबणासारखा साका होत नाही, आणि जोडीला झिओलाइट किंवा तत्सम द्रव्ये असतात, ती कॅल्शियमला धरून ठेवतात. घरी असे काही हवे असेल तर सोडियम सायट्रेट वापरून पाहा. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात फसफसणे थांबेपर्यंत थोडाथोडा सोडा घातला की तेच तयार होते, आणि ते कॅल्शियमला विरघळलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. मात्र फार जड पाण्यात ते इतके घालावे लागते की ‘घरगुती म्हणून स्वस्त’ हा मुद्दा गळून पडतो.

धायरीकर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे, सर. आमच्या सोसायटीत पाणी मृदू करण्याचे संयंत्र बसवलेले आहे, तरी हा निकाल कसा आला, हाच आता प्रश्न आहे.

रसायनी

त्या टाकीतली रेझिन कॅल्शियम स्वतःकडे घेते आणि बदल्यात सोडियम सोडते. तिच्यातले सोडियम संपले की मिठाच्या तीव्र पाण्याने तिला पुन्हा भारावे लागते. ते वेळेवर झाले नाही तर जड पाणी टाकीतून जसेच्या तसे बाहेर येते. संयंत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या नळाचे पाणी दोन बाटल्यांत घेऊन हीच चाचणी करा, आणि फरक दिसला नाही तर पुढच्या सभेत मिठाच्या गोण्यांच्या खरेदीची नोंद मागा. बहुतेक सोसायट्यांत ही नोंदच फार बोलकी असते.

देवराई

इतका खटाटोप करण्यापेक्षा रिठे का वापरत नाहीत? आपल्याकडे पूर्वापार लुगडी, शेले आणि लोकर रिठ्यानेच धुतली जात असत. सराफ आजही दागिने रिठ्याच्या पाण्यात घासून देतात. रिठ्याच्या सालीतले सॅपोनिन, म्हणजे त्यातले फेस देणारे द्रव्य, साबणासारखा साका करत नाही, त्यामुळे टँकरच्या पाण्यातही ते चालते. रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानांत रिठे किलोवर मिळतात. दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून हाताने कुस्कराव्यात आणि पाणी गाळून घ्यावे. फेस पाहून त्यातले पेलाभर पाणी बादलीला वापरावे. निसर्गाने दिलेले असताना रसायने हवीतच कशाला?

केरसुणी

देवराई, रिठा माझ्याही घरी असतो आणि लोकरीच्या व रेशमी कपड्यांसाठी मी दुसरे काही वापरत नाही. परंतु तो सगळ्या धुण्याला पुरा पडतो असे मात्र म्हणवत नाही. रिठ्याचे पाणी किंचित आम्ल असते, म्हणूनच ते रेशमाला मानवते. पण त्याच कारणाने गॅरेजमध्ये काम करणाऱ्याच्या सदऱ्यावरचे ग्रीस किंवा स्वयंपाकघरातील फडक्यांचा तेलकटपणा त्याच्याने निघत नाही, तिथे अल्क, म्हणजे सोड्यासारखे आम्लाच्या उलट गुणाचे द्रव्य, लागतेच. पांढऱ्या कपड्यांना वारंवार रिठा लावला तर त्यांवर पिवळट-तपकिरी झाक येते. शिवाय गाळलेले पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, त्यामुळे ते शीतकपाटात ठेवावे किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून लागेल तेवढेच काढावे. सालींची पुरचुंडी यंत्रात कपड्यांबरोबर टाकण्याची पद्धत गार पाण्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. गार पाण्यात सालीतून पुरेसा अर्क उतरत नाही.

रसायनी

आणि ‘रसायने कशाला’ याबद्दल एवढेच सांगतो की सॅपोनिन हेही रसायनच आहे. सॅपोनिन असलेल्या वनस्पती ठेचून पाण्यात टाकून मासे पकडण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती, कारण माशांच्या कल्ल्यांना ते बाधते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की काय होते हे ज्यांनी रिठ्याने केस धुतले आहेत त्यांना विचारावे.

देवराई

माशांचा मुद्दा मान्य आहे, परंतु सॅपोनिन पाण्यात लवकर विघटित होते, हेही सांगायला हवे होते.

रसायनी

होते, तुमचे म्हणणे बरोबर आहे.

खारजमीन

या चर्चेत सांडपाण्याचा विचार यायला हवा, कारण अनेक जण धुण्याचे पाणी गच्चीवरच्या बागेला घालता यावे म्हणूनच घरगुती पावडरीकडे वळतात. साबण असो वा सोडा, दोन्हींत सोडियम असते आणि ते कुंडीतल्या मातीत साचत जाते. माती चिकणी असेल, म्हणजे आपली काळी माती असेल, तर सोडियममुळे तिचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासे होते आणि वाळल्यावर वरचा थर सिमेंटच्या गिलाव्यागत होतो. पावसाळ्यात उघड्या जमिनीतून हे क्षार काहीसे धुऊन जातात. गच्चीवर शेडनेटखाली असलेल्या कुंड्यांतून मात्र जात नाहीत. ‘घरी केलेले आहे म्हणून झाडांना चालते’ हे गृहीतक सोड्याच्या बाबतीत साफ चुकीचे आहे. सोडा घातलेले पाणी बागेला मुळीच घालू नये. रिठ्याच्या धुण्याचे शेवटचे खळबळलेले पाणी आलटून-पालटून घालायला हरकत नाही, तेही तुळस, कढीपत्ता असल्या झाडांच्या मुळाशी ओतण्याआधी एका फुलझाडावर पाहून.

मोरीतून नदीकडे जाणाऱ्या पाण्याबद्दलही लोकांच्या अपेक्षा जास्त असतात. मुळा-मुठेतला किंवा आळंदीला इंद्रायणीत दिसणारा फेस प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याशी आणि औद्योगिक पाण्याशी निगडित आहे. आपण पावडर बदलल्याने थोडा भार कमी होईल, पण मैलापाणी शुद्ध न होता नदीत जात असेल तोवर त्या फेसाचे उत्तर आपल्या मोरीत सापडणार नाही.

गोधडी

माझे दोन प्रश्न आहेत. आईची जुनी पैठणी घरी धुता येईल का? आणि मुंजीत पांढऱ्या साडीवर हळद सांडली आहे, ती या सोडा-साबणाच्या पावडरीने निघेल का? काल थोडासा साबण लावून पाहिला तर डाग लालभडक झाला, त्यामुळे धसका घेतला आहे.

केरसुणी

गोधडीताई, घाबरू नका. हळदीतला कुरक्युमिन हा रंग अल्कात लाल होतो. साबण किंवा सोडा धुऊन काढला की तो पुन्हा पिवळा होतो. साडी सुती असेल तर साबणाने धुऊन ओली असतानाच कडक उन्हात वाळत घाला. कुरक्युमिन प्रकाशात टिकत नाही, त्यामुळे बहुतेक डाग ऊनच काढते. राहिला तर पुन्हा ओला करून पुन्हा उन्हात घालावा. तेलाच्या फोडणीतली हळद असेल तर आधी तेल काढावे लागेल, तिथे सोडा-साबण उपयोगी पडतो.

पैठणीला यातली कोणतीही पावडर लावू नका. रेशीम आणि लोकर ही प्रथिने आहेत, आणि सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजण्याचे माप) ११च्या आसपास, म्हणजे बराच अल्काकडे, जात असल्याने त्यांचा धागा खडबडीत आणि कमकुवत होतो. एरवी रेशमासाठी रिठा चांगला, पण जुन्या पैठणीत जर असते, काठाचा रंग मुख्य पोतावर उतरण्याची भीती असते, आणि ओल्या कापडाचे वजन जुन्या घड्यांना सोसवत नाही. ती जाणकाराकडून ड्रायक्लीनच करून घ्यावी. घरी प्रयोग करायचाच असेल तर एखाद्या साध्या रेशमी ब्लाउजवर रिठा वापरून पाहावा.

पेठकर

आमच्या मजल्यावर संत्र्याच्या साली आणि गूळ घालून बायोएन्झाइम करण्याची साथ आली आहे. त्याने कपडे निघतात का? आणि शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालावे असेही सांगतात.

रसायनी

एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवले की मुख्यतः सौम्य आम्ल तयार होते. फरशीवरचे पांढरे डाग किंवा नळाची तोटी पुसायला ते चांगले. कपड्यांच्या पावडरीत प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी घातलेली विकरे (एन्झाइम) विशिष्ट जीवाणूंपासून मिळवलेली असतात आणि अल्कात टिकतील अशी निवडलेली असतात. संत्र्याच्या सालींचा आंबवलेला अर्क त्यांची जागा घेईल अशी अपेक्षा नावावरून धरू नये.

व्हिनेगर सोड्याबरोबर एकाच वेळी घातले तर दोघेही एकमेकांना निकामी करतात आणि फसफसण्याचा तमाशा तेवढा उरतो. शेवटच्या पाण्यात ते सौम्य प्रमाणात चालते, पण कपड्यांतला साबण आधी पूर्ण निघालेला हवा. साबण शिल्लक असताना आम्ल घातले की मेदाम्ल मोकळे होते आणि कपडा तेलकट लागतो. यात एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: ब्लिचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच वापरलेल्या पाण्यात व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा हे बायोएन्झाइम कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या बंद मोऱ्यांमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

देवराई

दिवाळीच्या तळणीचे उरलेले तेल वापरून साबणच घरी केला तर? म्हणजे वडीही विकत घ्यायला नको.

रसायनी

करता येतो, परंतु हे काम पावडर ढवळण्याइतके निर्धोक नाही. त्याला कॉस्टिक सोडा लागतो आणि तो त्वचा व डोळे जाळतो. नेहमी पाण्यात कॉस्टिक थोडाथोडा घालावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, कारण मिश्रण एकदम उकळून अंगावर उडते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये; कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. प्रत्येक तेलाला लागणारे प्रमाण वेगळे असते: १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक लागतो, बहुतेक इतर खाद्यतेलांना त्याहून बरेच कमी. अंदाजपंचे केले तर एकतर वडी तेलकट राहते किंवा मोकळा कॉस्टिक शिल्लक राहून हात सोलतात. खोबरेल तेलाच्या साबणाचा एक गुण धायरीकरांच्या कामाचा आहे, तो म्हणजे इतर साबणांच्या मानाने तो जड पाण्यातही बरा फेसतो, इतका की समुद्राच्या पाण्यात वापरायच्या साबणासाठी हेच तेल वापरत आले आहेत.

धायरीकर

मग माझ्यासारख्याने यंत्रात बाजारची पावडर, लोकरीला रिठा आणि हाताने धुवायच्या जाड सुती कपड्यांना सोडा व खोबरेल तेलाचा साबण, असे ठरवले तर चालेल ना? आमचे यंत्र पुढून उघडणारे आहे.

केरसुणी

चालेल, आणि टँकरच्या पाण्याला मी यापेक्षा वेगळे काही सुचवणार नाही. पुढून उघडणाऱ्या यंत्रात साबणाचा आणि रिठ्याचाही फेस अडचणीचा ठरतो. ढोल फेसात नुसता घसरत फिरतो आणि कपडे एकमेकांवर आपटत नाहीत. बाजारची पावडर घेतानाही मापाच्या टोपणावरची सर्वांत वरची रेघ गाठण्याची सवय सोडून कपड्यांच्या वजनाप्रमाणे ती घालावी, एवढे केले तरी पुष्कळ बचत होते.

गोधडी

एकच राहिले. पावसाळ्यात ही घरची पावडर दगडासारखी घट्ट होते, ती टाकून द्यावी का?

केरसुणी

टाकू नये. सोडा हवेतली ओल घेऊन खडे धरतो, त्याचा गुण त्यामुळे जात नाही. खडा फोडून गरम पाण्यात विरघळवला की झाले. जूनच्या आधी थोडीच पावडर करावी, किसलेला साबण पंख्याखाली पूर्ण वाळवून वेगळ्या बरणीत ठेवावा आणि सोड्यात लागेल तेव्हाच मिसळावा. डबा प्लास्टिकचा किंवा काचेचा घ्यावा, ॲल्युमिनियमचा घेऊ नये, आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून तो ओट्यापासून दूर ठेवावा, कारण धुण्याचा सोडा दिसायला थेट खाण्याच्या सोड्यासारखाच असतो.